बारवरचे बखरकार

"ही तुळई पाचशे वर्षांची आहे हं, डोकं सांभाळा," पबची मालकीण पाहुण्यांना कौतुकाने सांगते. पाहुणे वाकतात, वर बघतात, लाकडावरून हात फिरवतात. तेवढ्यात बारच्या टोकाकडून आवाज येतो, "नव्वद."

सगळे वळून बघतात. सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ अर्ध्या पाइंटचा ग्लास पुढ्यात घेऊन बसलेले असतात. ट्वीडचा कोट, कोपरांवर चामड्याची ठिगळं, कोटाच्या खिशातून डोकावणारी दुमडलेली फाइल. "१९३० च्या आसपास बिअर कंपन्यांना ट्यूडर काळाचं वेड लागलं होतं," ते ग्लासकडे बघतच बोलतात. "नवी इमारत बांधायची, तिच्यावर काळ्या फळ्या ठोकायच्या, मधल्या जागा पांढऱ्या रंगवायच्या. ब्रुअर्स ट्यूडर म्हणतात याला. आठव्या हेन्रीचा काही संबंध नाही." पाहुण्यांचे तुळईवरचे हात खाली येतात. मालकीण काही बोलत नाही, त्यांचा ग्लास रिकामा झाला का एवढंच बघते. झालेला नसतो. तासभर तरी होणार नसतो.

हे आमचे बखरकार. खरं नाव सांगत नाही, आणि सांगायची गरजही नाही. लंडनच्या उत्तरेला लागून असलेल्या हर्टफर्डशर काउंटीत बहुतेक गावांना एक चर्च, एक पब आणि एक बखरकार असतो. त्यातली चर्च आता रिकामी पडू लागली आहेत, पब बंद होऊ लागले आहेत. बखरकार तेवढे टिकून आहेत.

आमच्या गावचे बखरकार पूर्वी विमा कंपनीत होते. लोकांचे दावे तपासायचे. कुणी म्हणालं गोदाम जळलं, की हे जाऊन राख चाळणार. कुणी म्हणालं आजीचा हिऱ्यांचा हार चोरीला गेला, की हे आजीचा हार घातलेला फोटो मागणार. तीसेक वर्षं लोकांवर अविश्वास ठेवण्याचा पगार घेतला, आणि निवृत्त झाल्यावर तेच काम फुकट सुरू केलं. सरकारने वृद्धांना दिलेला बसचा मोफत पास साडेनऊनंतर चालतो. साडेनऊला हे बसस्टॉपवर हजर. आज वेअर, उद्या हॅटफिल्ड, परवा रॉयस्टन. प्रत्येक गावात उतरून तिथल्या पबच्या भिंतीवरची पाटी वाचायची, अर्धा पाइंट मागवायचा आणि विचारायचं, "कागद आहे का?"

कागद नसतोच. पबचं वय हा प्रकार आपल्याकडच्या जुन्या देवळांसारखा आहे. विचारावं तर पांडवांनी एका रात्रीत बांधलेलं, आणि पुजाऱ्याला त्यात शंका नाही.

सेंट ऑल्बन्सच्या मठाच्या उतारावर, व्हर नदीच्या काठी 'ये ओल्ड फायटिंग कॉक्स' नावाचा अष्टकोनी, लाकडी चौकटीचा देखणा पब आहे. इंग्लंडमधला सर्वांत जुना पब म्हणून त्याची ख्याती. साल सांगतात ७९३, कारण त्या वर्षी ऑफा राजाने तिथला मठ स्थापन केला असं मानतात. गिनेस बुकातही एके काळी त्याची नोंद होती. पुढे २००० मध्ये गिनेसवाल्यांनी 'सर्वांत जुना पब' हा विक्रमच बाद करून टाकला. त्यांनाही बहुधा कुणीतरी बखरकार भेटले असावेत.

मी पहिल्यांदा बखरकारांबरोबर तिथे गेलो तेव्हा त्यांनी आत शिरण्याआधीच, बाहेर उभं राहून, इमारतीचा पंचनामा केला. "मठ ७९३ चा, मान्य. पण ही इमारत मठाचा कबुतरखाना होती. कबुतरं बिअर पीत नसत. १५३९ मध्ये मठ बंद पडला, त्यानंतर ही इथे आणून उभी केली. पबच्या परवान्याचा पहिला पुरावा अठराव्या शतकाच्या मध्याचा. म्हणजे हजार वर्षं कमी झाली. आत चला."

आत गेल्यावर आणखी ऐकायला मिळालं. सतराव्या शतकातला सेनानी ऑलिव्हर क्रॉमवेल एक रात्र इथे मुक्कामाला होता आणि त्याचा घोडा आता जिथे बार आहे तिथे बांधला होता, अशी गोष्ट सांगतात. बखरकार म्हणाले, "क्रॉमवेलचं सोडा. घोड्याची नोंद दाखवा." बारवरच्या पोराने त्यांच्याकडे असं पाहिलं, की घोडा असता तर बरं झालं असतं.

२०१५ मध्ये प्राणिमित्रांच्या पेटा या संघटनेने या पबला पत्र पाठवलं. कोंबड्यांच्या झुंजी ही क्रूर गोष्ट, तेव्हा नाव बदलून 'ये ओल्ड क्लेव्हर कॉक्स' म्हणजे 'हुशार कोंबडे' ठेवा. सगळं इंग्लंड हसलं. बखरकार हसले नाहीत. ते दुखावले. "मुळात झुंजींवर बंदी आली १८३५ मध्ये आणि हे नाव त्यानंतरचं, १८७२ चं. नाव बदलायचंच असेल तर कबुतरांवरून ठेवा ना! पुरावा कबुतरांचा आहे!"

दुसऱ्या काउंट्यांमधल्या दावेदारांना ते एकेका वाक्यात निकाली काढतात. नॉटिंगहॅमचा 'ये ओल्ड ट्रिप टू जेरुसलेम' स्वतःला ११८९ चा म्हणवतो. धर्मयुद्धाला निघालेले सरदार इथे पिऊन पुढे गेले म्हणे. "इमारत सतराव्या शतकातली. पाचशे वर्षं उशिरा आलेले सरदार." केंब्रिजशरमधला एक पब थेट ५६० सालावर दावा सांगतो. त्यावर ते काही बोलतच नाहीत, डोळे मिटून घेतात.

त्यांना खरा राग आहे तो जहाजांचा. हर्टफर्डशरमधल्या ज्या पबात जाल तिथे वरची तुळई जुन्या लढाऊ जहाजाची असते. बऱ्याचदा १५८८ मध्ये बुडालेल्या स्पॅनिश आरमाराची. "या काउंटीला समुद्र आहे का?" ते विचारतात. समुद्र नाही. जवळचा किनारा गाठायचा तर दुसरी अख्खी काउंटी ओलांडावी लागते. "मग स्पेनचं बुडालेलं जहाज आयर्लंडच्या खडकांवरून बैलगाडीत घालून, वाटेतली सगळी ओकची जंगलं मागे टाकत, इथवर आणलं कुणी? आणि का? गावात सुतार नव्हता?"

जहाजांच्या खालोखाल भुयारं. प्रत्येक पबच्या तळघरातून एक भुयार निघतं ते मठात तरी जातं, नाहीतर किल्ल्यात. अ‍ॅन्स्टी गावात एका आंधळ्या फिडलवाल्याची दंतकथा आहे. पबात पैज लागली, तो कुत्र्याला घेऊन वाजवत वाजवत भुयारात शिरला. लोक वर जमिनीवरून आवाजाच्या मागे मागे चालले. एकाएकी किंकाळी आली, वाजवणं थांबलं. कुत्रा तेवढा परत आला, अंगावरचे केस होरपळलेले. बखरकार ही गोष्ट फार रंगवून सांगतात, आवाज खाली आणून, हाताने फिडल वाजवत. आणि शेवटी कोरडेपणाने म्हणतात, "भुयाराचा नकाशा नाही."

पण असा माणूस निव्वळ खोड्या काढणारा असता तर मी त्याच्या नादी लागलो नसतो. पुरावा सापडला, की बखरकार लहान मुलासारखे नाचतात. वेअरच्या पलंगाबद्दल त्यांना एकदा विचारून बघावं. 

वेअर हे ली नदीकाठचं गाव. लंडनहून उत्तरेला जाणारा रस्ता त्यातून जायचा, त्यामुळे घोडागाड्यांच्या प्रवाशांसाठी सराया आणि खानावळी भरपूर. त्याच नदीने गावचा माल्ट लंडनच्या भट्ट्यांना जायचा. लंडनकरांच्या काळ्या पोर्टर बिअरमध्ये वेअरचं जव किती, याचा बखरकारांना स्वतंत्र अभिमान आहे. तर एवढ्या सराया, आणि गिऱ्हाईक एक रात्रीचं. त्याला आपल्याकडे ओढायचं कसं? १५९० च्या दशकात कुणीतरी एक अवाढव्य पलंग करवून घेतला. ओक लाकडाचा, कोरीव, छत असलेला, रुंदी तीन मीटरहून जास्त. चार जोडपी आरामात मावतील असा. झालं, लोक पलंग बघायला वेअरला थांबू लागले. थोड्याच वर्षांत शेक्सपिअरने 'ट्वेल्थ नाइट'मध्ये त्याचा उल्लेख केला. प्रवासी त्याच्या खांबांवर आपली आद्याक्षरं कोरून ठेवायचे, लाखेचे शिक्के मारायचे. ते अजून दिसतात. हा पलंग या सराईतून त्या सराईत फिरला, आणि शेवटी १९३१ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने तो ४,००० पौंडांना विकत घेतला.

"बघा," बखरकार बोटांवर मोजत म्हणतात, "लाकूड आहे. कोरीवकाम आहे. नाटकात उल्लेख आहे. विकत घेतल्याची पावती आहे. याला म्हणतात इतिहास!" त्या पलंगावर सव्वीस खाटीक आपापल्या बायकांसह एक रात्र झोपले होते, अशीही एक कथा आहे. मी तिची त्यांना आठवण करून दिली. त्यांनी मनातल्या मनात पलंगाचं क्षेत्रफळ काढलं. "खाटीक म्हणजे धिप्पाड माणसं," ते म्हणाले. "बावन्न नाही मावत."

आठवड्यातून दोन-तीनदा अशी खरडपट्टी काढायला मिळाली, की त्यांची तब्येत ठणठणीत राहते. हॅटफिल्डच्या 'एट बेल्स'ला बिल साइक्स येऊन गेल्याचा अभिमान आहे. हा 'ऑलिव्हर ट्विस्ट'मधला खुनी. प्रेयसी नॅन्सीला मारून पळताना डिकन्सने त्याला हॅटफिल्डच्या एका छोट्या पबात आणलं आहे. बखरकारांच्या मते, जो जन्मलाच नाही त्याच्या हजेरीचा दावा निदान कुणी खोडून काढू शकत नाही, हुशार लोक आहेत. व्हीटहॅम्पस्टेडजवळच्या माळावर 'विकेड लेडी' नावाचा पब आहे, रात्री पुरुषी वेषात वाटमारी करणाऱ्या सतराव्या शतकातल्या एका खानदानी बाईवरून. "बाई खरी. वाटमारीचा कागद नाही." आणि जॉर्ज ऑर्वेल या काउंटीतल्या वॉलिंग्टन गावात १९३६ पासून काही वर्षं राहिला, किराणा दुकान चालवलं, पुढे १९४६ मध्ये त्याने आदर्श पब कसा असावा यावर एक निबंध लिहिला आणि शेवटी सांगून टाकलं, की असा पब अस्तित्वात नाही. ज्याच्या वयाबद्दल बखरकारांची तक्रार नाही असा तेवढा एकच पब.

एका मृत्यूबद्दल मात्र ते हळवे होतात. २२ मे १४५५ ला सेंट ऑल्बन्सच्या भर बाजारात लढाई झाली, गुलाबांच्या युद्धांतली पहिली. राजाच्या बाजूच्या ड्यूक ऑफ सॉमरसेटला म्हणे भाकीत सांगितलेलं होतं, किल्ल्यांपासून जपून राहा. बिचारा जन्मभर किल्ले टाळत आला. त्या दिवशी शत्रूने घेरला, लढत लढत एका दारातून बाहेर पडला आणि कोसळला. वर बघतो तो पाटी, 'कॅसल इन'. "पबची पाटी वाचून मेलेला इतिहासातला एकमेव माणूस," बखरकार म्हणतात आणि ग्लास जरासा उंचावतात. भाकिताचा कागद त्यांनी कधी मागितला नाही. बहुधा मेलेल्याची लाज राखत असावेत.

लेचवर्थला मात्र ते बसमधून उतरत नाहीत. १९०३ मध्ये वसवलेलं हे जगातलं पहिलं उद्यान-नगर. हवा, झाडं, टुमदार घरं, सगळं होतं, दारू नव्हती. रहिवाशांनीच मतदान करून ती बाहेर ठेवली. तरी पबशिवाय संध्याकाळ कशी जाणार म्हणून १९०७ मध्ये 'स्किटल्स इन' उघडला. सगळं पबसारखं: बाकडी, शेकोटी, खेळ, गप्पा. प्यायला काय, तर कोको आणि सफरचंदाचं बिनदारूचं पेय. ही सोवळी व्यवस्था १९५८ पर्यंत चालली, आणि या अर्धशतकात नगराच्या हद्दीबाहेरच्या खेड्यांतल्या पबांची चंगळ झाली. बखरकार लेचवर्थचं नाव निघालं की खिडकीबाहेर बघतात. "कोको," ते पुटपुटतात. "बारवर उभं राहून."

तिथून फार लांब नाही ते एयट सेंट लॉरेन्स. गावातला एकुलता एक पब 'ब्रॉकेट आर्म्स', चौदाव्या शतकातला म्हणवतो. आणि गावातला सर्वांत प्रसिद्ध रहिवासी बर्नार्ड शॉ, १९०६ पासून १९५० पर्यंत, आजन्म दारूला न शिवलेला. चव्वेचाळीस वर्षं पबच्या शेजारी राहून आत न डोकावणारा माणूस म्हणजे, बखरकारांच्या मते, वयाच्या खोट्या दाव्यापेक्षा मोठा गुन्हेगार.

आमची ओळख झाली तीही कागदावरूनच. "तुम्ही कुठले?" "मुंबईचा." "फ्रिअर!" ते ओरडले. मला वाटलं कुणाला तरी हाक मारली. मग म्हणाले, तुमच्याकडे आलेले साहेब आमच्याकडे शिकून आले. १८०६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने हर्टफर्डच्या किल्ल्यात आपल्या होतकरू अधिकाऱ्यांसाठी कॉलेज काढलं, १८०९ मध्ये ते जवळच हेलीबरीला नेलं. सोळा-सतरा वर्षांची श्रीमंतांची पोरं, फारसी आणि संस्कृत शिकवायचा घाट, आणि दोन्ही बाजूंना हर्टफर्ड आणि वेअरच्या सराया. पोरं दंगे करायची, प्राध्यापक हैराण. यातलाच एक बार्टल फ्रिअर. पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला, त्याच्या काळात कोटाच्या भिंती पाडल्या, आणि आपलं फ्लोरा फाउंटन मुळात त्याच्याच नावाचं व्हायचं होतं. मी उत्साहाने विचारलं, फ्रिअरसाहेब कुठल्या पबात जायचे? मुंबईला फोन करून सांगण्याजोगी बातमी झाली असती.

"कागद नाही," बखरकार म्हणाले.

पब का मेले, याचं त्यांच्याकडे मोठं आरोपपत्र आहे. पहिला आरोपी रेल्वे: वॉटलिंग स्ट्रीट या जुन्या हमरस्त्यावर दिवसरात्र घोडागाड्या पळायच्या, सेंट ऑल्बन्स आणि रेडबर्नला घोडे बदलायचे, तेवढ्यात प्रवासी जेवायचे, १८३८ मध्ये लंडन ते बर्मिंगहॅम आगगाडी पूर्ण धावली आणि रस्त्यावर गवत उगवलं. दुसरा आरोपी युद्धकाळातला मंत्री लॉइड जॉर्ज: पहिल्या महायुद्धात कारखान्यातले मजूर झिंगून बाँबगोळे बनवतील म्हणून पबांना दुपारी टाळं लावलं, आणि युद्ध संपून सत्तर वर्षं झाली तरी, १९८८ पर्यंत, ते टाळं निघालं नाही. तिसरा सुपरमार्केट, चौथा टीव्ही, पाचव्या पबांच्या मालक कंपन्या, सहावे लोक. "लोक हल्ली पबात येऊन खर्चच करत नाहीत," ते म्हणतात. तेव्हा त्यांचा अर्धा पाइंट दीड तासाचा झालेला असतो आणि वर फेस नावाची गोष्ट इतिहासजमा झालेली असते.

राउंडच्या बाबतीत तर ते कायद्याचे काटेकोर. इंग्लंडमध्ये चौघे बसले की आळीपाळीने प्रत्येकाने सगळ्यांसाठी मागवायचं, हा अलिखित नियम. तो मोडणाऱ्याला पोरीसुद्धा देत नाहीत. पण युद्धकाळात, १९१५ मध्ये, 'नो ट्रीटिंग' आदेश निघाला होता. दुसऱ्याला दारू पाजणं हा गुन्हा. नवऱ्याने बायकोसाठी ग्लास मागवला म्हणून दंड झाल्याची उदाहरणं आहेत. हा आदेश १९१९ मध्ये उठला. ती बातमी बखरकारांपर्यंत अजून पोचलेली नाही.

आता त्यांच्या स्वतःच्या पबाबद्दल. म्हणजे आमच्या गावचा. रस्त्याच्या वळणावरचा, दोन खोल्यांचा, विटांचा, बुटका. शेकोटीशेजारी एक जाडजूड हातांची काळी खुर्ची आहे. तिच्यावर डिक टर्पिन बसायचा. दरोडेखोर डिक टर्पिन, १७३९ मध्ये यॉर्कला फासावर गेलेला. हे मला पाटीवरून कळलं नाही, बखरकारांनी सांगितलं. ते स्वतःच तिच्यावर बसतात.

मी थक्क झालो. कारण याच माणसाने दुसऱ्या एका गावात टर्पिनच्या पिस्तुलाखाली उभं राहून सगळ्या ग्राहकांना ऐकवलं होतं, की लंडनहून यॉर्कला एका दमात घोडा फेकल्याची गोष्ट टर्पिनची नाहीच, ती आधीच्या एका दरोडेखोराची. आणि 'ब्लॅक बेस' ही घोडी १८३४ च्या कादंबरीतून लोकांच्या डोक्यात शिरली. टर्पिन शेवटी घोडेचोरीसाठी फासावर गेला, वीर वगैरे काही नव्हता. ते सगळं खरं. पण खुर्ची, म्हणे, वेगळी.

एकदा माझी किल्ली खाली पडली. वाकलो तर खुर्चीची खालची बाजू समोर. आडव्या पट्टीला स्क्रू होते. चकचकीत, आणि डोक्यावर अधिक चिन्हाची खाच. असे स्क्रू १९३० च्या दशकाआधी जगात नव्हते.

"स्क्रू फार जुने दिसत नाहीत," मी जपून म्हणालो.

"दुरुस्ती," बखरकार म्हणाले. विम्याच्या दाव्यात हा शब्द कुणी त्यांना ऐकवला असता तर त्यांनी खुर्चीचं बिल, सुताराचं नाव आणि फर्निचरवाल्याची साक्ष मागितली असती.

गेल्या वर्षी पबच्या मालक कंपनीने तो विकायला काढला. बोर्ड लागला नाही तोच गावात बातमी: घेणारा बिल्डर आहे, फ्लॅट होणार. मालकीण फक्त भाडेकरू, तिच्या हातात काही नाही. बखरकार तीन दिवस घरातून निघाले नाहीत. चौथ्या दिवशी फाइल घेऊन आले. २०११ च्या लोकॅलिझम कायद्याखाली गावकरी एखाद्या पबला सार्वजनिक मोलाची मालमत्ता म्हणून नोंदवू शकतात. मग तो विकायचा झाला तर गावाला बोलीची तयारी करायला सहा महिने मिळतात. अर्ज करायला गावातल्या किमान एकवीस मतदारांचा गट लागतो. बखरकारांनी कौन्सिलचा फॉर्म माझ्यासमोर उघडला. चेहरा पडलेला.

"वयाचा रकानाच नाही," ते म्हणाले.

खरंच नव्हता. इमारत किती जुनी, कुणी विचारलंच नव्हतं. विचारलं होतं, इथे लोक येतात का, येऊन काय करतात, हे बंद झालं तर गावाचं काय अडेल. डार्ट्सची टीम, मंगळवारचं क्विझ, अंत्यविधीनंतरचा चहा, बर्फ पडला त्या रात्री अडकलेल्या बसमधल्या लोकांना दिलेलं सूप. हे सगळं बखरकारांनी भुवया आक्रसून भरलं, आणि मग चौदा पानांची पुरवणी जोडली. इतिहासाची. कुणी मागितली नव्हती. मी ती वाचली. पान सहावर लिहिलं होतं: १८३० च्या बिअर कायद्याने कुणालाही दोन गिनी भरून बिअर विकायची मुभा मिळाली, वेलिंग्टन पंतप्रधान असताना. १८३० च्या अखेरीस वीस हजारांच्या वर दुकानं उघडली. त्यानंतरच्या टाइद, म्हणजे चर्चच्या कराच्या, नकाशावर पबच्या जागी फक्त 'कॉटेज व बाग'. व्यापारी डिरेक्टरीत पहिली नोंद त्याच्या नंतरची: चांभार व बिअर विक्रेता, एकच माणूस. झेरॉक्स जोडली आहे.

झेरॉक्स पिवळी पडलेली होती. हर्टफर्डच्या अभिलेखागाराचा शिक्का, तारीख बारा-तेरा वर्षांपूर्वीची.

"म्हणजे टर्पिन..." मी सुरुवात केली.

"हा सरकारी कागद आहे," बखरकार म्हणाले. "सरकारी कागदावर खोटं लिहीत नसतात." आणि खुर्चीत नीट सरकून बसले.

राहिल्या एकवीस सह्या. इथे पेच पडला. गावातल्या प्रत्येक माणसाला बखरकारांनी कधी ना कधी दुरुस्त केलेलं होतं. पोस्टमनच्या आजोबांनी चर्चिलला दारू पाजली नव्हती, हे त्यांनी सिद्ध केलं होतं. बेकरीवाल्या बाईंच्या घराची पाटी शंभर वर्षांनी कमी केली होती. शेतकऱ्याच्या ताटातल्या 'प्लाउमन्स लंच'ला, पाव, चीज आणि लोणच्याच्या त्या पारंपरिक जेवणाला, ते १९५० च्या दशकात चीज खपवण्यासाठी काढलेली जाहिरात म्हणाले होते, आणि ते बऱ्याच अंशी खरं होतं म्हणूनच तो माणूस जास्त भडकला होता. तरी मालकिणीने सगळ्यांना एका संध्याकाळी बोलावलं. वीस सह्या झाल्या. एकविसावी डार्ट्सच्या कॅप्टनची. तो पेन हातात घेऊन उभा राहिला.

"आधी राउंड," तो म्हणाला.

पब एकदम गप्प. बखरकारांनी सगळ्यांकडे पाहिलं. १९१५ च्या आदेशाचा उल्लेख ते करतील असं मला वाटलं, केला नाही. उठले, कोटाच्या आतल्या खिशात हात घालून पाकीट काढलं. मालकिणीने एकवीस ग्लास मांडायला घेतले. बखरकारांनी बारवर नोटा एकेक करून ठेवल्या. वीस पौंडांच्या, कागदी, मागे अ‍ॅडम स्मिथ. जपून ठेवलेल्या, कडक, एक घडी नाही.

मालकिणीने एक नोट दिव्याखाली धरली. "या चालत नाहीत हो. २०२२ पासून बंद आहेत."

"खोट्या आहेत का?"

"खोट्या नाहीत."

"मग?"

"बँक ऑफ इंग्लंडला पाठवल्या तर बदलून मिळतील," डार्ट्सचा कॅप्टन म्हणाला. "कागद आहे, तुमच्याकडे कागद आहे!" आणि जे हसू फुटलं ते पाच मिनिटं थांबेना. त्या हसण्यातच त्याने सही केली. बिल माझ्या कार्डावर गेलं, कारण हसत नव्हतो असा मीच एकटा होतो.

बखरकारांनी पहिल्यांदाच पूर्ण पाइंट घेतला. अर्धा संपवल्यावर ते माझ्या कानाशी वाकले. "तुम्हाला पैसे परत करीन," ते म्हणाले. "पावती ठेवा."